बाबांचं बस्स

शिकंजा पडला तेव्हा मांजर खिडकीतून बाहेर गेलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी "काय फुटलं?" म्हणून ओरडून विचारलं, आणि बाबा खुर्चीत जसेच्या तसे बसून राहिले. लाकूड आवळून धरायचा लोखंडी शिकंजा होता, चांगला वजनदार. मुलीच्या कोपराचा धक्का लागून टेबलावरून थेट त्यांच्या खुर्चीमागे फरशीवर आपटला होता. बाबांची पापणीही हलली नाही. ते तिच्याकडे बघत होते.

"वाजव," ते म्हणाले.

तिने व्हायोलिनची लाकडी पाटी कडेला चिमटीत धरून उंच केली आणि मधोमध बोटाच्या पेराने टकटक केलं.

"अजून," बाबा म्हणाले.

व्हायोलिनची वरची पाटी आतून खरवडत नेताना थांबायचं कधी, हा या धंद्यातला खरा प्रश्न. बाकी रंधा, पटाशी, बाजूच्या पट्ट्या वाकवणं, यात चुकलं तर निस्तरता येतं. पाटी जाड राहिली तर वाद्य सर्दी झाल्यासारखं बोलतं. पातळ झाली तर काही दिवस फार गोड गातं आणि मग तारांच्या ओझ्याखाली खचतं. आणि खरवडलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, भुगा कितीही जपून ठेवला तरी. लहानपणी तिने ठेवून पाहिला होता.

हात थरथरायला लागले तेव्हा बाबांनी सगळी हत्यारं तिच्या स्वाधीन केली. कान मात्र स्वतःकडे ठेवला. ती खरवडायची, वाजवायची. ते "अजून" म्हणायचे, "अजून" म्हणायचे, आणि मग एकदा "बस्स". बस्स म्हटलं की ती "बरं, बाबा" म्हणून पाटी चिकटवायचा सरस तापत ठेवायची. इतकं सोपं होतं. त्यांच्या कानाचा गल्लीतही दबदबा होता. कपाला तडा गेलाय का, हे विचारायला लोक यायचे. एकदा एक गृहस्थ होणाऱ्या जावयालाच घेऊन आले. बाबांनी त्याला वाजवून पाहिलं नाही. सासऱ्यांकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "घाई करू नका." अगदी बरोबर निघालं.

दारात आई आली.

"सकाळपासून विचारतेय यांना, माझा चष्मा कुठे ठेवलात. भिंतीशी बोललेलं परवडलं. ती निदान आपलाच आवाज परत तरी देते."

बाबा पाटीकडे बघत राहिले. आई हात झटकून गेली. नवरा ऐकत नाही यात नवल ते काय, असं घरात सगळ्यांनीच धरून चाललेलं. त्यामुळे बाबांना ऐकू येईनासं नक्की कधीपासून झालं, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

तिने पोलादी पातं उचललं आणि दोन हात मारले. कागदासारखी साल निघाली. मग पाटी पुन्हा उंच धरली, पेर लाकडापर्यंत नेलं आणि केसभर अलीकडे थांबवलं. नुसतं हवेत. दोनदा.

बाबांनी डोळे बारीक केले. मान कलती करून नीट विचार केला.

"अजून," ते म्हणाले. "पण जवळ आलीस."

ती स्टुलावर बसली. मग उठली. भुगा झाडला, झाडलेला भुगा पुन्हा झाडला. इतकी वाद्यं या खोलीतून बाहेर गेली होती. लोक ती मंचावर वाजवत होते, टाळ्या घेत होते. सगळी बरोबर जमली होती. सगळी म्हणजे, एक सोडून.

तिने वर बघितलं. टेबलाच्या वर, दिव्याभोवती, त्या एकाची पाटी लटकत होती. हे लाकूड बाबांनी तिच्या जन्माच्या साली कापून वाळत घातलेलं. त्यातून दोनच पाट्या निघाल्या. पहिलीच्या वेळी बाबा आठवडाभर "अजून, अजून" करत राहिले आणि तिनेही मान खाली घालून इतकं खरवडलं, की शेवटी पाटीतून खिडकी दिसायला लागली. मग तिचा लँपशेड केला. उजेड छान पडतो. कुणी शिंकलं की गुणगुणतो. दुसरी पाटी आता तिच्या हातात होती. तिसरी नव्हती.

त्या आठवड्यात तिची अक्कलदाढ ठणकत होती.

तिचा हात गालावर गेला.

म्हणजे बाबा पाटी ऐकतच नव्हते. तिचं तोंड बघत होते. तिला आवाज पटला की कपाळावरची आठी जायची, आणि आठी गेली की ते "बस्स" म्हणायचे. तिला पत्ता नाही, आणि बस्स मात्र तिचंच. आणि आता? आता ती बेचैन, म्हणून ते "अजून" म्हणणार. ते "अजून" म्हणणार, म्हणून ती आणखी बेचैन. असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत घरात दोन लँपशेड होणार.

तिने खांदे सैल सोडले. कपाळ सपाट केलं. फोटोला उभं राहतात तसं हसली आणि पाटी वाजवली.

बाबा बराच वेळ बघत राहिले.

"दाढ दुखतेय का परत?"

तिने नाही म्हणून मान हलवली. त्यांना ते पटलं नाही. खुर्ची जरा पुढे ओढावी म्हणून ते उठले, मागे वळले, आणि पायाशी पडलेला शिकंजा त्यांना दिसला. शेजारी फरशीचा टवका उडाला होता. त्यांनी टवक्याकडे बघितलं, टेबलाच्या कडेकडे बघितलं. मग तिच्याकडे.

ती पात्याची धार अंगठ्याने चाचपत राहिली.

त्यांनी वाकून, दोन्ही हातांनी, शिकंजा उचलला आणि टेबलावर जागच्या जागी ठेवला. खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून बसले.

"वाजव," ते खिडकीला म्हणाले.

तिने वाजवलं. दार लोटल्यावर कडी आपली आपण बसावी, तसा आवाज आला. की तसा वाटला? पुन्हा वाजवलं. पाठ काही बोलली नाही. बाहेर मांजर परत यावं की नाही याचा विचार करत बसलं होतं. तिने पातं उचललं. ठेवलं. उचलून पाटीला टेकवलं, कडेशी, जिथे थोडंसं काढलं असतं तरी... बाबांची मान खिडकीकडेच होती. नेहमीपेक्षा जरा ताठ.

तिने डोळे मिटून आणखी एकदा वाजवलं आणि पाटी कानाशी नेली, आवाज पूर्ण विरेपर्यंत.

मग पातं खणात टाकलं आणि खण लावला.

"बस्स," ती म्हणाली. शब्द तोंडात नवाच लागला. ऐकायला कुणी नव्हतं.

तिने शेगडी पेटवली, पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं ठेवलं आणि ढवळत उभी राहिली. हळूहळू कातड्याचा तो उग्र, ओला वास खोलीभर झाला. वरच्या बाईंनी धाडकन खिडकी लावली. वास टेबलावरून, लँपशेडखालून, खुर्चीपर्यंत पोचला.

बाबांची मान किंचित वर झाली. एकदा नाकाने श्वास घेतला, नीट, लांब.

"बस्स," ते म्हणाले. जुन्याच थाटात, मागे न बघता.

"बरं, बाबा," ती त्यांच्या पाठीला म्हणाली.