वाघापुरतं दार

धनराजच्या शेडमधून निळा उजेड लखलखू लागला की त्याची बायको केसरबाई अंगणातूनच विचारी, "आता कोनाचं काय सुधरवून राह्यले जी?"

तिचं विचारणं उगीच नव्हतं. घुग्घुसच्या बाजूला एका कारखान्यात सव्वीस वर्षं वेल्डिंग करून धनराज कुरखेड्याजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा मोटारसायकल ठेवायला म्हणून त्याने घरालगत टिनाची शेड घातली. मोटारसायकल चार दिवस सावलीत राहिली. मग वेल्डिंग मशीन आलं, ग्राइंडर आला, भिंतीवर पाने-पकडी ओळीने टांगल्या गेल्या, आणि मोटारसायकल मोहाच्या झाडाखाली गेली ती गेलीच. केसरबाईची कंबर दुखू नये म्हणून त्याने चुलीला लोखंडी पाय लावले. आता भाताचं पातेलं उतरवायला तिला स्टुलावर चढावं लागे. बकऱ्यांच्या दाराला स्प्रिंग बसवली. तिसऱ्याच दिवशी एका बकरीचं शेपूट त्यात सापडलं. बोरिंगचा दांडा लांबवला, तर पाणी भरायला येणाऱ्या लहान पोरी दांड्यासोबत वर उचलल्या जाऊ लागल्या. गाव हसे. धनराजही हसे, आणि पुन्हा काळा चष्मा चढवून बसे.

पिंजरा मात्र कोणी हसण्यावारी नेला नाही. तो ठमाबाईसाठी होता.

ठमाबाई त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा धनराज चार वर्षांचा होता. ठमाबाईने त्याला कडेवर घेऊन धानाचे बांध तुडवले होते. आता तिला नवरा नाही, मूल नाही. आहे ते दीड एकर धान, जंगलाला खेटून. लोंब्या भरल्या की रानडुकरं येत, आणि ती मचाणावर बसून रात्रभर टिनाचा डबा बडवी. यंदा गुडघ्याने दगा दिला, शिडी चढवेना. खाली जमिनीवर बसावं, तर मागच्याच साली पलीकडच्या टोल्यावर, त्या चार घरांच्या वस्तीत, धान राखणाऱ्या एका बाईला वाघाने नेलं होतं.

"घरी झोप बाई रातच्याले," धनराज म्हणाला होता. "धान गेलं त गेलं."

"धान जाऊ दे. आईचं बियानं?"

नाल्याकडच्या कोपऱ्यात, दोन खाटा मावतील एवढ्या तुकड्यात, ठमाबाई काळ्या कुसळाचं जुनं धान लावी. त्यांच्या आईने तिच्या आईकडून आणलेलं. गावात सगळ्यांनी पाकिटातलं बियाणं धरलं. हे एकटं ठमाबाईकडे उरलं. ती त्यातलं मूठभर देवापुढे शिजवी, बाकी पुढच्या पेरणीला ठेवी. ते पिके सगळ्यांच्या शेवटी. साऱ्या शिवारात कापणी झाली तरी ते हिरवं-काळं उभं असे, आणि मग शिवारभरची डुकरं तिथेच येत.

म्हणून धनराजने पिंजरा केला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, बसून डोकं लागणार नाही एवढा उंच. सळया बोटभर अंतरावर. आतून ओढायची दोरी, तिच्या दुसऱ्या टोकाला बाहेर बांबूवर टांगलेले चार डबे. पाण्याच्या कॅनला खण, टॉर्चला खिळा. दाराला आतून कडी.

पाहायला सारा मोहल्ला गोळा झाला. ठमाबाई गुडघा धरून आत सरकली, मांडी घालून बसली, आणि सळयांतून भावाकडे पाहिलं.

"कोंबडी करून टाकलं गा मले, धनू."

"वाघ बाहेर, कोंबडी आत. बरं नाई का?" लच्छू म्हणाला. पिंजरा त्याच्याच ट्रॅक्टरवर जायचा होता.

"आंडे देजो मंग बाई सकारी," मागून कोणी तरी बोललं.

"देईन. पयले तुह्याच डोक्यावर देईन." ठमाबाईने दोरी ओढली. डबे असे खणाणले की कडेवरचं एक पोर रडायला लागलं. तेव्हा ती हसली. आणि शेतात पिंजरा ठेवला त्या संध्याकाळी, धनराज बांधावरून परत निघाला असताना, मागून तिचा सूर ऐकू आला. जात्यावरचा गळा, आता थोडा चिरलेला:

*भाऊ माहा गुनी हाताचा, लोखंडाची बांधे माडी*
*वाघोबा गा, जाय दूर, तुले मोकळी सारी झाडी*

त्या रात्री धनराज कित्येक वर्षांनी गाढ झोपला.

आठव्या दिवशी सकाळी पिंजऱ्याभोवतीच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. एक फेरी पूर्ण, दुसरी अर्धी, मग नाल्याकडे. ठमाबाई म्हणाली, "मी जागी होती. दार जरासं हाललं, म्या म्हटलं वारा हाये." धनराज धावत घरी आला, साहित्य बांधून पुन्हा शेतात गेला, आणि दार सुधारलं. एका कडीच्या तीन कड्या केल्या, प्रत्येकीत आडवी खिटी, खिटीला वाकडं टोक, म्हणजे धक्क्याने निसटायची नाही. पिंजरा उलटू नये म्हणून चारी कोपऱ्यांना हात-हातभर लोखंडी खुंट्या ठोकल्या. मग स्वतः बाहेरून खांदा लावून रेटून पाहिलं. पिंजरा तसूभर हलला नाही. गावाने त्याचं नाव घेतलं. केसरबाईने उंच चुलीबद्दल चार दिवस तोंड उघडलं नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी वनविभागाची गाडी भोंगा लावून गावातून गेली. सीमेपलीकडून आलेल्या हत्तींचा कळप नदीच्या अलीकडे उतरला होता. कोणीही शेतात मुक्कामाला थांबू नये.

लच्छू शेडच्या दारात येऊन टेकला. "माह्या सासुरवाडीले गेल्ता ना हा कळप. उभी ट्रॉली उलथवली गा, धानाची! साळा सांगत होता, वाघापुढं लपाव, हत्तीपुढं पळाव. लपला तो मेला."

धनराजच्या हातात एक पट्टी होती. ती त्याने हळूच खाली ठेवली. पिंजरा उलटणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. खुंट्या त्यानेच ठोकल्या होत्या. म्हणजे तो चेपेल.

मोटारसायकलला किक मारून तो निघाला. शेतात पोचला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. ठमाबाई पिंजऱ्याच्या सावलीला बसून विळ्याला धार लावत होती.

"बाई, चाल घरी. हत्ती आले."

"आयकलं. भोंगा इथंवर आयकू येते." तिने धार अंगठ्यावर पाहिली. "चार दिस राह्यले आईच्या धानाले. अजून कवळा हाये दाना. आता कापलं त बी उगवत नाई."

"चार दिस नको बसू."

"वाघ आला तवा म्हने पिंजऱ्यात बस. हत्ती आला तवा म्हने घरी बस. उद्या मुंगी आली त कुठी बसवशीन?"

"थट्टा नको करू बाई. आत जा. दार लाव."

ती कुरकुरत आत गेली. तिन्ही कड्या लावल्या, तिन्ही खिट्या अडकवल्या.

"मी हत्ती हावो," धनराज बांधावरून म्हणाला. "आलो. निंघ बाहेर." आणि तो मोठ्याने मोजू लागला.

ती आधी हसली. तेरापर्यंत पहिली खिटी निघाली. दुसरी दवाने गंजून जाम झाली होती. तिची वाकलेली बोटं तिच्यावर घसरत राहिली. चोवीस. पंचवीस. ती हसायची थांबली. तीसच्या पुढे धनराजचा आवाज बारीक होत गेला, पण तो मोजत राहिला. तिसरी खिटी निघून, दार लोटून, गुडघा सांभाळत ती बाहेर उभी राहिली तेव्हा तो एकेचाळीसवर होता.

नाल्यापलीकडे एक मोर ओरडला.

"एक खिटी ठेवतो," तो म्हणाला. "बाकीच्या काढून टाकतो."

"मंग वाघ?"

पंज्यांचे ठसे अजून मातीत वाळून बसलेले होते. एक खिटी वाघाला कमी, तीन खिट्या हत्तीला जास्त. लोखंड त्याने आयुष्यभर जोडलं होतं. त्यातल्या कोणत्याच जोडाने हे जुळत नव्हतं. अर्धा घंटा तो दारापाशी उकिडवा बसून कानशीने घासत राहिला, एक कडी सैल केली, पुन्हा आवळली. सूर्य सागाच्या शेंड्यांना टेकला. मग त्याने कानस खाली टाकली, बिजागऱ्यांच्या दांड्या ठोकून बाहेर काढल्या आणि अख्खं दार उचलून खांद्यावर घेतलं.

"धनू. दार ठेव."

तो चालू लागला.

"धनू, म्या काय म्हटलं?"

तो थांबला नाही. त्याला माहीत होतं, ती येणार. पंजे पाहिल्यावर बिनदाराच्या पिंजऱ्यात कोण बसेल? बांधावर त्याच्या मागे तिचं लंगडं पाऊल वाजू लागलं. हत्तीपासून तिला ओढून न्यायला त्याने वाघाचा दोर केला होता.

मोटारसायकलवर ती बसली नाही. तो दार सीटवर आडवं टाकून गाडी ढकलत पुढे. ती दहा पावलं मागे. नाला ओलांडल्यावर त्याच्या मनात आलं, आपणही तिच्यासोबत थांबू शकलो असतो. शेकोटी पेटवून, आळीपाळीने जागून. पिंजरा एकाच्याच मापाचा केला, पण बांध तर दोघांना पुरता होता. हे आता सुचलं, की तिथेच सुचलं होतं आणि आपण भ्यायलो? त्याने मागे वळून पाहिलं नाही.

रात्री ती केसरबाईजवळ निजली. जेवली नाही.

सकाळी बहीण-भाऊ शेतात गेले. पिंजरा होता तसाच होता. दीड एकरातलं कापायचं राहिलेलं पुढचं धानही बरंचसं उभं होतं. नाल्याकडचा कोपरा मात्र नांगरल्यासारखा झाला होता. डुकरांनी लोंब्या चावून चोथा थुंकला होता, उरलेलं लोळून चिखलात दाबलं होतं. काळी कुसळं मातीत केसांसारखी पसरली होती. हत्तीचं एक पाऊल कुठे नव्हतं. लच्छूचा फोन आला. कळप रात्रीच उलट्या बाजूला, नदीच्या वरच्या अंगाला गेला होता.

धनराजने फोन खिशात ठेवला. ठमाबाईला सांगितलं नाही; तिने लच्छूचा मोठा आवाज ऐकलाच होता.

ती शिव्या देईल म्हणून तो उभा राहिला. लहानपणी देई तशा, बापाच्या बापापासून सुरू करून. तिने पदर खोचला.

"माहा जीव वाचवला तुनं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसवेना. "चांगलं केलं. पन मले इचारलं नाई, धनू. चूल उंच करतं, दांडा लांब करतं, मानसाले इचारत नाई. माहा जीव कुठी ठेवाचा, हेबी तुनंच ठरवलं."

"तुले काई झालं असतं त..."

"त माह्या पाप-पुन्यानं झालं असतं."

ती गुडघा दुमडून चिखलात बसली आणि तुटकी लोंबी उचलली. दाणे चोळून पाहिले. बहुतेक फुटलेले, कोवळे; एखादा, लोंबीच्या टोकाचा, कडक झालेला. तो तिने पदराच्या गाठीत टाकला. धनराज मोटारसायकलच्या डिकीतून चाळणी घेऊन आला. ती त्याने मागे खडी गाळायला केली होती.

"ठेव ते. हातानं वेच. तुह्या अवजाराचं काम नाई इथी."

तो तिच्यासमोर बसला. सव्वीस वर्षांत ठिणग्यांनी त्याच्या बोटांची कातडी जाड झाली होती; दाणा फुटका की भरलेला, ते बोटाला कळेना. तो प्रत्येक दाणा उजेडाकडे धरून पाही. ती मध्येच त्याच्या तळव्यातले दाणे ओढून घेई, दोन ठेवी, बाकी फेकी. दुपार झाली. केसरबाई डबा घेऊन आली, दोघांकडे पाहिलं, डबा बांधावर ठेवून पदर खोचून तीही खाली बसली. संध्याकाळपर्यंत गाठीत दीड मूठ जमलं. त्यातलं किती उगवेल ते कोणालाच माहीत नव्हतं.

सावल्या लांबल्या तेव्हा सडकेवरून पुन्हा भोंगा ऐकू आला. कळप फिरला होता, याच बाजूला. अंधाराच्या आत सर्वांनी घरी पोचावं.

केसरबाई उठली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. दार काल खांद्यावर घेतलेल्या त्याच माणसाकडे. त्याची नजर जंगलाच्या कडेवर गेली, परत आली. चल, हा शब्द त्याच्या जिभेवर होता. तो त्याने गिळला.

"बाई," तो म्हणाला, "जाचं का?"

ठमाबाईने मान वर केली नाही. चिखलात अजून हातभर लांबीची एक ओळ उरली होती, लोळलेली, पण पूर्ण चावलेली नाही.

"एवढी होऊ दे," ती म्हणाली.

धनराज पुन्हा खाली बसला आणि दुसऱ्या टोकाकडून वेचत तिच्याकडे सरकू लागला.