पेटीतला झेंडा

जहाजवाहतूक खात्याच्या कचेरीतल्या त्याच बाकड्यावर जहाजमालक सलग चौथ्या दिवशी बसला होता. मागणी एवढीच, की परक्या आरमाराने नाकेबंदी केलेल्या बंदरात त्याचं एकुलतं एक जहाज अडकलंय, ते आपल्या नौदलाने सोबत करून बाहेर काढावं. जहाजावर अठरा माणसं, टाकीत जेमतेम आठवड्याचं पाणी, आणि कप्तान म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. चार दिवस साहेब मीटिंगमध्ये. कसली मेली मीटिंग, देव जाणे! आतून चहाचे रिकामे कप तेवढे बाहेर येत होते.

शेवटी उपसचिवांनी आत बोलावलं, खुर्ची दिली, फाइल उघडली आणि हळहळले. जहाजाची नोंदणी परक्या देशात, झेंडाही त्याच देशाचा. मग आपलं नौदल कसं जाणार? आता गंमत बघा. नोंदणी तिकडे हलवा, इथल्या तपासण्यांचा जाच सुटेल, सगळे तेच करतात, हा सल्ला सहा वर्षांपूर्वी याच खुर्चीतून याच गृहस्थांनी दिला होता. मालकाने आठवण करून दिली, तर साहेबांना काही म्हणता काही आठवेना. आणि ज्या देशाचा झेंडा, त्या देशाकडे नौदलच नव्हतं.

"आपला झेंडा असता, तर आम्हाला जावंच लागलं असतं," साहेब उठता उठता म्हणाले.

मालकाला वाटलं, साहेबाने आडून सुचवलं. ही मंडळी सरळ कधी बोलतात? ऑफिसात येऊन त्याने भावाला फोन लावला. भावजय समोरच्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसली होती. नोंदणी बदलली त्या दिवशी उतरवलेला जुना झेंडा धाकट्याने टाकून दिला नव्हता, घडी घालून आपल्या पेटीत ठेवला होता, हे मालकाला ठाऊक होतं. तो चढव म्हणाला, फोटो काढून पाठव, मग बघतो कसे येत नाहीत ते.

धाकट्याने समजावून पाहिलं. "दादा, कागद एका देशाचे आणि झेंडा दुसऱ्याचा. हे अंगाशी येईल."

"मी सांगतोय ना? चढव."

वडील गेल्यापासून धाकट्याने थोरल्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्याने चढवला. फोटो खात्यात पोचला आणि कुठल्याशा फाइलीत जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी नाकेबंदीवाले जहाजावर चढले. वर झेंडा पाहिला, खाली कागद पाहिले. समुद्राचा कायदा असा, की सोयीप्रमाणे दोन झेंडे वापरणारं जहाज कुणाचंच धरलं जात नाही. त्यांनी ते माणसांसकट ताब्यात घेतलं.

या खेपेला उपसचिवांनी लगेच आत घेतलं. मार्ग आहे म्हणाले. कप्तानाने कुणाला न विचारता झेंडा बदलला, असं मालकाने लिहून दिलं, की नोंदणीवाला देश जहाज आपलं म्हणायला तयार होता. जहाज सुटेल, सतरा माणसं सुटतील, कप्तानावर मात्र तिकडे खटला चालेल. मसुदा टाइप करून तयारच होता. मालकाने तो दोनदा वाचला. सतरा घरांचा विचार केला, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला. पण सही करताना डोळ्यांपुढे जहाजच होतं, हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरी भावजय दारातच उभी होती.

"जहाज सुटतंय," तो बूट काढत म्हणाला.

"आणि हे?"

"त्याने कुणाला न विचारता झेंडा बदलला," तो म्हणाला.

फोनवरचं सगळं तिने आपल्या कानांनी ऐकलं होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. ती वाद घालत बसली नाही, रडलीही नाही. आत गेली. त्या दिवसापासून तिने त्याला दादा म्हणणं सोडलं.