कायमचा सांधा

रुद्रय्यांनी आयुष्यात एकही वस्तू सुटेल अशी जोडली नव्हती, आणि त्याचा त्यांना भलताच अभिमान होता. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडात हुबेहूब नमुना घडवायचा. तो नमुना वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. दाबताना, ठोकताना, उपसताना नमुन्याचा सांधा उकलला तर पॅटर्नमेकरची अब्रू गेली. रुद्रय्यांची कधी गेली नाही. निवृत्त होऊन उचगावात घरी बसले तरी शेजारच्यांच्या खुर्च्या आणि देव्हारे त्यांच्याकडेच यायचे, आणि त्यांनी जोडलेली खुर्ची पुन्हा मोडलीच तर दुसऱ्या जागी मोडायची.

तर त्यांच्या लेकीची, शांभवीची, एक गिटार होती. कॉलेजात असताना शिकवण्या घेऊन तिनं ती घेतली होती. लग्न होऊन कबनूरला गेली तेव्हा सोबत नेली नाही. सासरी घराच्या खालीच यंत्रमाग होते, त्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू यायची मारामार, असं तिनं सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. गिटार माहेरी कपाटावर पडून राहिली. आता सासऱ्यांनी माग विकले, घर शांत झालं, आणि शांभवीचे हात शिवशिवायला लागले. दिवाळीला आली तेव्हा तिनं गिटार खाली काढली, तर ब्रिज उखडलेला. पोटाच्या फळीवर तारा बांधून ठेवणारा तो लाकडी तुकडा तारांनाच लोंबकळत होता.

"अप्पा, हात लावू नका हं," ती म्हणाली. "फुडच्या महिन्यात मिरजेला नेते. तिथं तंतुवाद्यवाले हायत."

घरात पॅटर्नमेकर असताना मिरजेला. ते वाक्य रुद्रय्यांना चांगलंच लागलं. त्याला आणखी एक कारण होतं. लेकीच्या वाजवण्याला त्यांनी कधी नाव ठेवलं नव्हतं, पण कधी नावाजलंही नव्हतं. ती वाजवायची तेव्हा ते बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचे. ती बक्षीस घेऊन आली त्या दिवशी "बरं झालं, जेव आता," एवढंच म्हणाले. आता या वयात तोंडानं काय बोलणार? हातानं मात्र बोलता येईल असं त्यांना वाटलं. गिटार दुरुस्त करून तिच्या मांडीवर ठेवायची, आणि काय समजायचं ते तिनं समजून घ्यायचं.

गोंद कोणता, हा पहिला प्रश्न. ते आपल्या उस्तादांकडे, हंबीरराव मिस्त्रींकडे गेले. पॅटर्नचं सगळं काम त्यांनीच शिकवलेलं. मिस्त्री आता थकले होते, पण जीभ शाबूत होती.

"वाद्याला सरसच," हंबीरराव म्हणाले. "आपण शिजवायचो न्हवं का, पाण्याच्या भांड्यात भांडं ठिवून? तसाच."

"त्यो सुटतोय की."

"सुटतोय म्हणून तर लावायचा. काय चुकलं तर गरम सुरी घालायची, उकलायचं, परत बसवायचं. सरस माणसाची चूक पोटात घालतोय, रुद्रय्या."

पण सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा. नोकरीत पोटासाठी रुद्रय्यांनी त्याला हात लावला होता, आणि रोज घरी आल्यावर आधी आंघोळ करून मगच गळ्यातलं लिंग पूजेला घेतलं होतं. नोकरी सुटली त्या दिवशी सरसही सुटला. नीलम्मांनी तर नवऱ्याचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "माझ्या घरात हाडं शिजायची न्हाईत," म्हणाल्या आणि पीठ मळायला लागल्या. हंबीरराव आपल्या परड्यात शिजवून स्वतः लावून द्यायलाही तयार होते, रुद्रय्यांनी नुसतं समोर उभं राहायचं. रुद्रय्या म्हणाले, "नगं, पाप ते पापच." ते खरं होतं, पण अर्धंच. लेकीचं काम दुसऱ्याच्या हातून होऊ द्यायचं नव्हतं, हे उरलेलं अर्धं त्यांनी गिळून टाकलं.

पांढरा गोंद त्यांना पसंत नव्हता. तारांचा ताण दिवसरात्र असतो, त्या ओढीनं पांढरा गोंद इंच इंच नाही तरी केस केस सरकतो. आणि आधी कुठल्याशा दुकानात कुणीतरी तोच थापलेला होता, त्याचे पोपडे फळीवर दिसतच होते. मग राहिला एपॉक्सी. दोन नळ्या, दोन्हीतलं सारखं घ्यायचं, कालवायचं, लावायचं. एकदा बसला की बसला. रुद्रय्यांच्या स्वभावाचाच गोंद तो.

काम त्यांनी देखणं केलं, यात शंका नाही. जुन्या गोंदाचे पोपडे खरवडून फळी कोऱ्या लाकडापर्यंत आणली. ब्रिजची जुनी खूण त्यात पुसली गेली, पण खुणेवर विसंबणारा माणूस तो नव्हे. गिटारीच्या पोटातल्या चिठ्ठीवर तारेची लांबी छापलेली होती, साडेसहाशे मिलिमीटर. आपली मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी काढून त्यांनी मानेच्या टोकापासून बरोबर साडेसहाशे मोजले आणि अणकुचीदार पेन्सिलीनं रेघ ओढली. गोंद वाळेपर्यंत सांधा आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा विचार तर दोन दिवस चालला. वरची फळी पापडासारखी पातळ, आत तिला आधाराच्या बारीक पट्ट्या. खालून नुसता क्लॅम्प लावला तर त्या मोडणार. म्हणून त्यांनी सागाचा एक ठोकळा त्या पट्ट्यांच्या मापानं खाचा पाडून घडवला, तो गिटारीच्या तोंडातून आत घालून खालून टेकवला, वरून ब्रिजवर बुचाचा तुकडा ठेवला आणि लांब गळ्याचे तीन क्लॅम्प लावले. फौंड्रीत होते तसे आवळले नाहीत. फार आवळलं तर गोंद सगळा बाहेर पळतो आणि सांधा उपाशी राहतो, ढिलं ठेवलं तर आत हवा राहते. कडेनं गोंदाचा बारीक मणी सगळीकडे सारखा आला, तिथं ते थांबले. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढले आणि नीलम्मांना हाक मारून म्हणाले, "हत्ती बांध आता."

पुढच्या महिन्यात शांभवी गिटार न्यायला आली. ब्रिज बसलेला बघून क्षणभर तिचं तोंड उतरलं, पण सांध्यावरून बोट फिरवल्यावर ती हसली. "बेस बसवलाय की, अप्पा." तिनं नव्या तारा चढवल्या, सुरात लावल्या. मोकळ्या तारा छान वाजल्या. मग तिची बोटं मानेवरून वर चढायला लागली, तसतसा सूर उतरत गेला आणि तिच्या कपाळावर आठ्यांचा गुंता वाढला. तिनं पुन्हा सूर लावला, पुन्हा वाजवलं. मग आईच्या शिवणाच्या डब्यातला टेप आणून तिनं मानेच्या टोकापासून बाराव्या आडव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजलं, आणि तिथून ब्रिजपर्यंतचं.

"दोन्ही सारखी पायजेत, अप्पा. ब्रिज मागं गेलाय."

"साडेसहाशे मोजलंय मी. पट्टी आण." पट्टी आली. रुद्रय्यांनी ती तारेला लावली आणि बोट ठेवलं. बरोबर साडेसहाशे. शांभवीनं शेजारी टेप धरला. टेप साडेसहाशेच्या अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त पुढं दाखवत होता.

तेव्हा त्यांना कळलं. ती फौंड्रीची पट्टी होती. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मोठी केलेली असते. तिचा सेंटीमीटर जगाच्या सेंटीमीटरपेक्षा लांब. सगळी नोकरी त्यांनी त्याच पट्टीनं मोजलं होतं. ती खोटी आहे हे त्यांना माहीत होतं, पण इतक्या वर्षांत तिच्याइतकं खरं दुसरं काही राहिलं नव्हतं.

"काढू की," ते म्हणाले. "परत बसवू. गरम करून..."

"कशानं चिकटवलाय?"

त्यांनी सांगितलं. शांभवीनं मिरजेला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. तिनं फोन ठेवला आणि हलकेच म्हणाली, "सरस असता तर घंटाभराचं काम हुतं म्हणत्यात. हे काढायला गेलं तर फळी फाटून येतीया."

त्यांना हंबीररावांचं परडं डोळ्यांसमोर दिसलं आणि मान वर करवेना. लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. गिटार मांडीवर घेऊन तिनं खालच्या पडद्यांवर, जिथवर सूर धरून राहत होता तिथवर, एक धून वाजवली. कॉलेजात असताना तिनंच बांधलेली. धून वर चढायच्या जागी आली आणि ती थांबली.

"फुडं?" रुद्रय्या म्हणाले.

"फुडं हिच्यावर जात न्हाय, अप्पा."

खाली बघत, घोगऱ्या आवाजात, रुद्रय्यांनी पुढचा भाग गुणगुणला. आवाज बेसूरच, पण वळणं सगळी जागच्या जागी होती. दोनदा घ्यायची ओळ दोनदा घेतली, शेवटी थांबायचं तिथं थांबले.

शांभवी त्यांच्याकडं बघत राहिली. "तुमाला पाठ हाय?"

"मधी एकच भिंत तर हुती."

"तुमी पेपर वाचत हुता की."

"पेपर नुसता हातात असायचा."

तिनं तळवा ठेवून तारांचा आवाज बंद केला. "तवा एकदा म्हणायचं हुतं, अप्पा. मागांचं नुसतं निमित्त केलतं मी. माझं वाजवणं ह्या घरात कुणाला नकोच हाय असं वाटलं, म्हणून गिटार इथंच टाकून गेले."

"व्हय," रुद्रय्या म्हणाले. मग धून जिथं अडली होती तिथून ते पुन्हा गुणगुणायला लागले.