पंख्याआधी टांगलेले पोते

मित्रांनो, मी सुलतानपूरच्या एका घरातला छताचा पंखा. माझा तपकिरी रंग आता जागोजागी उडाला आहे आणि सुरू होताना मी म्हाताऱ्या माणसासारखा थोडा खाकरतो. पण मी या घरात कसा आलो, ती हकिगत मला जशीच्या तशी आठवते.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, मला तीन पाती दिली आणि लाकडी खोक्यात गवतावर निजवून रेल्वेत चढवले. पुढे मी मेहकरच्या एका दुकानात येऊन पडलो. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षे झाली होती. आसपासच्या गावांत विजेचे खांब उभे राहत होते. दुकानात लोक येत, माझा रंग पाहत, किंमत विचारत आणि निघून जात. आपण कोणाच्या डोक्यावर फिरणार, याचे मला मोठे कुतूहल होते.

चैत्रातल्या एका सकाळी शंकरराव गुरुजी आणि त्यांच्या पत्नी जनकाबाई दुकानात आले. त्यांची एकुलती एक मुलगी बेबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. वैशाखाच्या उन्हाळ्यात लेकीला वारा मिळावा, म्हणून गुरुजींनी पंखा घ्यायचे ठरवले होते. त्यांच्या मनात माझ्या शेजारचा सोनेरी पट्ट्यांचा मोठा पंखा भरला. दुकानदारही त्याचीच स्तुती करू लागला.

जनकाबाईंनी मात्र पिशवीतून एक दोरी काढली. तिला दोन गाठी होत्या. पहिली गाठ गुरुजींनी हात वर केला की बोटे पोहोचत तिथली, दुसरी घराच्या तुळईची. मधल्या अंतरात पंखा बसायला हवा होता. त्यांनी दोरी मोठ्या पंख्याच्या दांडीला लावून पाहिली. तो फार खाली येत होता. मी बरोबर बसलो.

मग त्यांनी माझे वजन विचारले. दुकानदार बुचकळ्यात पडला. पंख्याचा वारा विचारायचा असतो, वजन कोणी विचारत नाही, असे तो म्हणाला.

"वारा बी खालीच येते, अन् वजन बी खालीच येते," जनकाबाई शांतपणे म्हणाल्या.

शेवटी त्याने मला तराजूत ठेवले. मी आठ किलो भरलो. इतके दिवस जगून मलाही ते ठाऊक नव्हते.

गुरुजींचे घर धाब्याचे होते. म्हणजे लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मधल्या तुळईखाली बेबीची बाज टाकायचे ठरले होते. दोन दिवसांनी ती येणार होती. मेहकरचा वायरमन किसनराव सकाळीच आला. त्याने तारा ओढल्या, बटण बसवले आणि मधल्या तुळईत जाड हूक पिळला. मी कोपऱ्यातल्या बाजेवर पडून सगळे पाहत होतो. आता आपण वर जाणार, म्हणून मी अगदी अधीर झालो होतो.

तेवढ्यात जनकाबाई मुसळ घेऊन आल्या. मुसळाच्या टोकाने त्यांनी तुळई ठोकली. भिंतीजवळ खणखणीत आवाज आला, मध्यावर मात्र भद असा आला.

"एकच लाकूड दोन आवाजांत काऊन बोलते?" त्यांनी विचारले.

जुने लाकूड असेच असते, असे किसनराव म्हणाला. जनकाबाईंचे समाधान झाले नाही. त्यांनी अर्धे पोते ज्वारी भरून ते आधी हुकाला टांगायला सांगितले. पोते माझ्या पाचपट जड होते. किसनरावची बस तीनला होती आणि पुढचे आठ दिवस तो दुसरबीडच्या कामावर जाणार होता. त्याने तसे स्पष्ट सांगितले. गुरुजीही चुळबुळू लागले. लेक घामाने हैराण होईल आणि पंखा खोक्यातच राहील, ही त्यांची धास्ती होती. पण जनकाबाई मागे हटल्या नाहीत. पोते टांगले गेले. पंखा काही स्थिर राहत नाही, म्हणून त्या पोत्याला पाळण्यासारखे झोकेही देऊ लागल्या.

खरे सांगतो मित्रांनो, मला फार राग आला. माझ्या जागी ज्वारीचे पोते! या बाईंना मी नकोच आहे, असे मला वाटले.

दुपार झाली. हूक जागचा हलला नाही. जेवण उरकून किसनराव ते उतरवायला उठला. त्याने हात वर केला आणि त्याच्या तळव्यावर पिठासारखी भुकटी पडली. तो थबकला. तुळईत काहीतरी कडकन वाजले. गुरुजींनी त्याला दंडाला धरून मागे ओढले आणि त्याच क्षणी हूक वीतभर लाकूड घेऊन खाली आला. बाजेची जागा खडूने आखून ठेवली होती. पोते नेमके तिथे फुटले आणि ज्वारी खोलीभर उधळली. तुळई आतून वाळवीने पोखरली होती.

किसनराव भिंतीला टेकून खाली बसला. बसचा भोंगा वाजला तरी तो उठला नाही. मग खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, म्या चार घरी असेच पंखे लावले. एक बी तुळई ठोकून पाह्यली नाही."

"मंग आता पाहून या," जनकाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊराव सुतार आला. त्याने जुन्या तुळईखाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत कडुनिंबाचे जाडजूड लाकूड घातले. त्याला पुन्हा पोते टांगले. या वेळी ते दिवसभर लटकत राहिले. मग मी वर चढलो. दुसरबीडचे काम पुढे ढकलून किसनराव चारही घरी जाऊन आला. एका घरात पंख्याचा हूक सैल झालेला निघाला. त्याच्या खाली पाळणा होता.

बेबी आली आणि बारा दिवसांनी तिला मुलगी झाली. वैशाखात जन्मली म्हणून तिचे नाव विशाखा ठेवले. तिच्यावर मी अगदी हळू फिरत असे. ती टक लावून माझ्याकडे पाही. त्या वेळी माझा कोण थाट होता! शेजारच्या बाया निवडणे-टिपणे घेऊन माझ्याखाली येऊन बसत.

पुढे बेबी सासरी गेली, किसनरावही थकला. जनकाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि माझ्या पात्यांवरची धूळ त्यांना दिसेनाशी झाली. माझे बेअरिंग कोरडे पडले. मी कण्हू लागलो, तेव्हा गुरुजींनी वैतागून बटणच बंद केले. दोन उन्हाळे मी मुका लटकत राहिलो. कोणी वर मान करत नव्हते, याचे मला सगळ्यात जास्त वाईट वाटे.

तिसऱ्या उन्हाळ्यात दहा वर्षांची विशाखा सुट्टीला आली. आजीने खालून स्टूल धरले, नातीने ओल्या फडक्याने माझी पाती पुसली. किसनरावच्या मुलाने हूक तपासला, बेअरिंगला तेल दिले. मी फिरलो. विशाखाने मला दहादा सुरू केले, दहादा बंद केले. मग तिने विचारले, "आजी, पंखा बंद केल्यावर वारा कुठं जाते वं?"

जनकाबाईंनी डोळे बारीक करून वर पाहिले. "मले नाही ठाऊक," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव, पाहू."

दोघी बाजेवर आडव्या पडल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. एकीला स्वच्छ दिसत होते, दुसरीला धूसर. मीही त्या प्रश्नाचा विचार करत फिरत राहिलो. मला अजून उत्तर सापडलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरही कोणीतरी दिवसभर फिरत असेल. उन्हाळ्याआधी मोठ्या माणसाला सोबत घ्या, बटण बंद करा, पंख्याची पाती पुसा, हूक घट्ट आहे ना ते बघायला लावा. आणि अधूनमधून नुसतेच वर पाहा. वर पाहणारे कोणी असले, की आम्हाला फिरायला हुरूप येतो.