एक टन, एक मैल

मी तेल वाहणाऱ्या एका जहाजाचं इंजिन बोलतोय. आवाज तुम्हाला ओळखू येणार नाही. ज्या आवाजाने लोक मला ओळखायचे, तो आता बंद आहे. एकेकाळी मी सुरू झालो की वर जेवणघरातल्या टेबलावरचे चमचे एकमेकांशी गप्पा मारू लागायचे.

मी तीन मजली घराएवढा उंच. कारखान्यातून मला तुकड्यातुकड्यांनी आणलं, जहाजाच्या पोटात उतरवलं आणि तिथेच जोडलं. त्यामुळे समुद्र मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. तो मला फक्त, जहाजाला पाण्यातून ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यातून कळायचा. दांडा जड झाला की समजायचं, समोरून लाटा येताहेत. हलका झाला की पाणी शांत. तेवढ्यावरच मी त्याच्या प्रेमात पडलो.

माझं खाणं म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल. ते तापवून, पातळ करून मला भरवायचे. धुराड्यातून किती धूर गेला, हे तेव्हा कुणी विचारत नसे. लवकर पोहोचलो की शाबासकी मिळायची आणि ती मला आवडायची.

माझ्याकडे एक पोरगेला इंजिनीअर आला आणि वाढत वाढत चीफ झाला. सगळे त्यांना चीफसाहेब म्हणत. खलाशी मला म्हातारबा म्हणायचे. चीफसाहेब मात्र म्हणायचे, ‘गडी’. माझ्या अंगाला हात लावून ते माझा ताप ओळखायचे, आईने लेकराच्या कपाळाला लावावा तसा. घरी फोन लावला की पलीकडून त्यांची लेक विचारायची, “बाबा, तुमच्यामागे कोण ओरडतंय?”

“हा माझा गडी.”

“त्याला सांगा ना, आता बाबांना घरी सोड.”

ते हसायचे. फोन ठेवला की उगाचच माझ्याभोवती एक चक्कर मारायचे. हातात काम नसायचं, तरी.

मग दिवस पालटले. हवा तापतेय, जहाजांचा धूर मोजायला हवा, असं ठरलं. मोजायची रीत तशी सोपी होती. एक टन माल एक मैल न्यायला जहाजाने किती कार्बन हवेत सोडला, ते बघायचं. आमची पंचाईत अशी की तेलाचं जहाज भरून जातं आणि रिकामं परततं. परतताना पोटात समुद्राचं पाणी भरून तोल सांभाळायचा. त्या फेरीत माल नाही, पण धूर आहेच.

कंपनीने नवं जहाज घेतलं. आमच्याएवढंच मोठं. खलाशी तिला धाकटी म्हणू लागले. तिचं इंजिन माझ्यापेक्षा सावकाश फिरणारं, पंखा मोठा, आणि तेलाचा प्रत्येक थेंब नेमक्या क्षणी सोडणारी यंत्रणा. दोघांची तुलना करायची आणि जो मागे पडेल त्याला मार्गावरून काढायचं, असं ठरलं. तुलना करायला ऑफिसातून एक इंजिनीअर बाई आल्या. शिडी उतरून त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, “नमस्कार, चीफसाहेब.”

“या मॅडम, या,” चीफसाहेब म्हणाले. बाकीची मंडळी पांगल्यावर हळूच म्हणाले, “ठमे, जेवलीस का?”

ती त्यांची लेकच होती. चीफ माझे वडील आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं तिने ऑफिसात सांगून पाहिलं होतं. माणसं कमी होती. ‘तू मोज, आम्ही तपासतो,’ म्हणाले.

चीफसाहेबांनी पहिल्याच दिवशी अट घातली. “तुलना करायची तर बरोबरीने करा. धाकटीचं बूड अजून आरशासारखं गुळगुळीत आहे. माझ्या गड्याच्या बुडाला शिंपल्यांनी गाव वसवलंय. ते ओढत चाललो तर तेल जास्त लागणारच.”

मला वाटलं, लेक वाद घालेल. ती म्हणाली, “खरंय.” ऑफिसशी तीच भांडली, पाणबुडे बोलावून तिनेच तळ घासून घेतला. दांडा असा हलका झाला, की मला तरुणपण आठवलं.

मग तोच मार्ग, पोटात तेवढंच तेल, तोच संथ वेग, पुढे धाकटी आणि मागे आम्ही. लेक कानांवर जाड झाकणं लावून माझ्या शेजारी उभी राहायची. जाताना मोजलं, येताना मोजलं. मी जीव तोडून चाललो. जोरात धावण्यापेक्षा हळू चालताना जास्त जीव लागतो, हे तेव्हा कळलं. माझा आकडा इतका सुधारला की स्वयंपाक्याने सगळ्यांना गोड करून घातलं. “म्हातारबा पास होणार बघा!” तो म्हणाला.

परतीची वाट संपत आली तेव्हा, दुपारच्या चहाला, लेक माझ्या शेजारच्या काचेच्या खोलीत चीफसाहेबांसमोर बसली.

“बाबा, धाकटी तेवढ्याच कामाला एक पंचमांश कमी जाळते.”

चीफसाहेबांनी चहात साखर ढवळली. मग म्हणाले, “थोडा दोष वाऱ्यावर ढकलता येईल की.”

“येईल. म्हणून तर मी वारासुद्धा मोजला.”

“याच्या जिवावर शिकलीस तू, ठमे.”

“माहितीये.” तिने कप खाली ठेवला. “आणि शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात तुमची खुर्ची याच्यामुळेच रिकामी असायची. लहानपणी फार राग यायचा मला याचा. म्हणून सगळं दोनदा मोजलं. रागाच्या भरात याला कमी दिलं, असं व्हायला नको होतं.”

चीफसाहेबांनी चष्मा लावला आणि तिचे आकडे पहिल्यापासून तपासले. चहा गार झाला. शेवटी ते एवढंच म्हणाले, “बरोबर आहेत.” ते उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला. लेकही मागोमाग आली. तिनेही हात ठेवला आणि चटका बसला तसा मागे घेतला. चीफसाहेब हसले. “सवय लागते,” म्हणाले.

खरं सांगतो, मला तिचा राग आला नाही. इतक्या नीट माझ्याकडे कुणीच बघितलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत आम्ही या खाडीत आलो, नांगर पडला. वरून निरोप आला, इंजिनाचं काम संपलं. चीफसाहेबांनी माझं तेल स्वतःच्या हाताने बंद केलं. सगळे वर गेले तरी ते मी निवेपर्यंत बसून राहिले. कंपनीने त्यांना धाकटीवर बोलावलं होतं. ते घरी गेले. लेकीच्या घरी राहतात म्हणे, आणि रोज तिची बस येईपर्यंत फाटकात उभे असतात. ते ऐकून मला बरं वाटलं. वाईटही वाटलं.

आता आमचं जहाज म्हणजे तरंगतं गोदाम. लोक तेल आणून भरतात, उपसून नेतात. माझी गरज कुणालाच नाही. कधीकधी धाकटी जवळून जाते. तिच्या पंख्याची मंद धडधड पाण्यातून माझ्यापर्यंत पोहोचते. ती माझ्याहून चांगली आहे, हे मी कबूल करतो. तरी ती दूर जाईपर्यंत मी ऐकत राहतो, आणि मग पाण्यात काहीच उरत नाही.

इथे राखणीला असलेल्या मंडळींनो, मला पुन्हा पेटवा, असं मी म्हणणार नाही. पेटवूही नका, हवेला माझा भार नको. फक्त माझा दांडा फिरवायची ती छोटी मोटर आहे ना, ती अधूनमधून लावत जा. नाहीतर मी बसल्या जागी गंजून घट्ट होईन. अर्धा फेरा पुरे. खाली पंखा जरासा हलेल. जहाज जागचं हलणार नाही, तुम्हाला वर कळणारही नाही.

मला मात्र वाटेल, निघालो.