पाणी पाजलेले वास्ते

कमळाबाईंना आयुष्यात कोणी चोर म्हटलं नव्हतं. म्हटलं ते चंद्रपुरात, भर दुपारी, व्हिएतनामी नूडल्सच्या हॉटेलात, आणि तेही त्यांच्याच हातच्या वास्त्यांवरून. शेजारी त्यांचे यजमान गुणवंतराव बसले होते.

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात जंगलातली माणसं ते कमळाबाईंच्या गावी, गोंडपिपरीला, आणून विकतात. आणले आणि शिजवले, असं त्यांचं नसतं. कमळाबाई ते बारीक चिरून दोन रात्री पाण्यात ठेवत, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत, मग दोनदा उकळून दोन्ही पाणी फेकून देत. पहिलं पाणी कडू आणि बाधणारं; गुराच्या तोंडी लागू नये म्हणून त्या ते उकिरड्यापलीकडे ओतायच्या. असे तयार वास्ते दर शनिवारी गुणवंतराव बसने नेऊन हॉटेलच्या मागच्या दारी देत. मालक प्रफुल्ल ते गरम रश्श्यात टाकी, नूडल्सवर ओती, आणि वर हिरवा पाला पसरून लोकांना देई.

"आपले वास्ते लोक कसे खाते, मले एकदा पाहू द्या," असं कमळाबाई म्हणाल्या, म्हणून त्या शनिवारी दोघं पुढच्या दाराने आत गेले. मोनाली नावाच्या वेटर पोरीने त्यांना हात धुण्याच्या बेसिनजवळचं टेबल दाखवलं. येणारा-जाणारा तिथे हात झटकत होता. मागून आलेले जेवून उठले, तरी यांचं ताट नाही. पाऊण तासाने वाडगे आले, तेही कोमट.

कमळाबाईंनी घास घेतला. "रस्सा बेस आहे, बाई," त्या मोनालीला म्हणाल्या. "गरम असता तं अजून मजा आली असती. तुह्या मालकाले सांगजो."

तिने सांगितलं. प्रफुल्ल तावातावाने बाहेर आला.

"काकू, आता तुम्ही मला धंदा शिकवणार? आधी वास्त्यांना पाणी पाजून वजन वाढवणं बंद करा. पाणी विकता मला! याला चोरीच म्हणतात." सगळी टेबलं वळून पाहू लागली. "पुढच्या खेपेला ताजे, कडक आणा. भिजवायचे नाहीत, उकळायचे नाहीत. समजलं ना, काका?"

गुणवंतरावांच्या हातात मेनूकार्ड होतं. त्यांनी ते वाचायला घेतलं. तालुक्याच्या वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं देण्या-घेण्यात गेलेला माणूस. कोणी आवाज चढवला की त्यांची नजर आपोआप जवळच्या अक्षरांवर जाऊन बसे.

परतीच्या बसमध्ये कमळाबाई खिडकीकडे तोंड करून होत्या. गोंडपिपरी जवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "तो मले चोर म्हणून राह्यला होता, अन् तुमी कार्ड वाचत होते."

त्या वाक्याने गुणवंतरावांची झोप उडवली. पुस्तकांत त्यांनी सूड पुष्कळ वाचले होते. राज्यं बुडवणारे, वंश संपवणारे. स्वतः मात्र त्यांनी कोणाला उलट उत्तरही दिलं नव्हतं. आपल्याला हे जमणार नाही, असं त्यांना रोज सकाळी वाटे आणि रोज दुपारी प्रफुल्लचा तो चेहरा आठवून मूठ आवळली जाई. बायकोचं नाव जिथे गेलं, तिथूनच ते परत आणायचं होतं. पण कसं?

गुरुवारी उत्तर सापडलं. इतकं सोपं होतं की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. मालकाने सांगितलं तसंच करायचं.

कमळाबाई बहिणीकडे गेल्या होत्या. गुणवंतरावांनी लालसूकडून सोललेले वास्ते घेतले. लालसू दरवर्षी जंगलातून वास्ते आणणारा. तो म्हणाला, "भाऊ, बाई घरी नाई तं भिजवन कोन?" "पाहू," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी बायकोसारखेच बारीक काप केले आणि शनिवारी पहाटे कोरडे, पांढरेशुभ्र डब्यात भरले. पाण्याचा थेंब लावला नाही.

प्रफुल्लने एक काप मोडून पाहिला. कट्‌कन आवाज आला. "हे बघा, काका! याला म्हणतात माल. एवढंच तर सांगत होतो."

"तुमी सांगितलं तसंच आणलं," गुणवंतराव म्हणाले. मग हॉटेलला वळसा घालून पुढच्या दाराने आत आले आणि मधल्या टेबलावर बसले. त्यांनी फक्त चहा मागवला.

बाराच्या सुमारास गर्दी झाली. पहिला वाडगा एका जाड माणसापुढे आला. त्याने घास घेतला, डोळे मिटले आणि रुमालात थुंकला. गुणवंतरावांना चहा फार गोड लागला. मग कॉलेजची पोरं ओरडली, "भाऊ, काय टाकलं बे याच्यात? जहर आहे जहर!" मोनाली भरलेले वाडगे परत नेऊ लागली. तिच्या प्रत्येक फेरीला गुणवंतराव मनात म्हणत होते, हा एक कमळेचा. हा आणखी एक.

प्रफुल्ल बाहेर आला. घाबरला असेल, असं त्यांना वाटलं. पण तो हसत होता.

"सर, हीच ओरिजिनल चव आहे. व्हिएतनाममध्ये असंच कडू खातात. सवय नसते ना आपल्याला."

आणि आक्रित घडलं. आपण अडाणी ठरू नये म्हणून एकेकाने पुन्हा चमचा उचलला. जाड माणूस तर मान डोलावून म्हणाला, "हां, आता लागते वेगळी टेस्ट."

शेजारच्या टेबलावर पाच वर्षांची मुलगी आईला म्हणत होती, "मम्मी, मले नाई पाहिजे."

"गुपचूप खा. असंच असते ते. एवढं महागाचं टाकते का कोनी?" आईने चमचा भरला.

गुणवंतरावांच्या डोळ्यांपुढे उकिरड्यापलीकडे ओतलेलं ते पाणी आलं. त्यांनी गृहीत धरलं होतं की लोक थुंकतील, मालकाला शिव्या देतील, संपलं. कोणी ते गिळेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

"खाऊ नका," ते म्हणाले. कोणालाच ऐकू गेलं नाही. ते उठले. टेबल हललं, चहा सांडला. "खाऊ नका म्हनतो ना! बाई, चमचा खाली ठेवा! कच्चे वास्ते आहेत ते. लेकराले उलट्या होतीन."

सगळं हॉटेल थांबलं. गुणवंतरावांना आता बसता येत नव्हतं.

"मी आणले. मुद्दाम आणले. माही बायको दोन रात्री भिजवते, दोनदा उकळते, तवा ते खाण्याजोगे होते. हा म्हणते, पाणी पाजून वजन वाढवता. गेल्या शनिवारी इथीच तिले चोर म्हणला, तुमच्यासारख्यांच्या समोर. अन् ही व्हिएतनामची चव नाई. याले वास्ते शिजवता येत नाई, त्याची चव आहे!"

कोणीतरी खो-खो हसलं. प्रफुल्लचा चेहरा पडला. "काका, पोलिसात देईन तुम्हाला!"

"दे. मी लिहून देतो."

जाड माणूस तोंड पुसत उठला. "तू तं नालायकच आहे रे. पन बाबा, तुमी बी काही कमी नाई. आमच्या पोटावर कायले भांडता?"

मुलीला कडेवर घेऊन आई त्यांच्याकडे न बघता निघून गेली. ते त्यांना लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

घरी कमळाबाई परतल्या होत्या. ऐकून त्यांनी हातातलं धान्य पाखडायचं सूप आपटलं. "लेकराच्या पोटात गेलं असतं म्हंजे? अक्कल कुठी ठेवली होती तुमी?" बराच वेळ बोलल्या. मग थांबून विचारलं, "पन बोल्ले तं?"

"बोललो."

"उभं राहून?"

"हो."

त्या रात्री त्यांनी गुणवंतरावांच्या पानात भाकरीवर तूप वाढलं.

मंगळवारी प्रफुल्ल गोंडपिपरीला आला. तीन दिवस हॉटेलात माशा बसत होत्या. येणारा पहिला प्रश्न विचारी, वास्ते भिजवले का?

"काकू, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"ते... बोललो ते."

"काय बोलला?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. कुंपणापाशी दोघी-तिघी जमल्या होत्या. "चोर म्हटलं."

"मोठ्यानं सांग. शेजारीण बहिरी आहे."

"चोर म्हटलं, काकू! तुम्ही चोर नाही!"

"बस." कमळाबाईंनी त्याच्यापुढे पावशी, म्हणजे विळी, मांडली आणि न सोललेल्या वास्त्यांची पाटी ओतली. "आधी सोलनं शीक. मग भिजवनं सांगतो."

वास्त्याच्या सालीवर बारीक कुसळं असतात. तेल लावल्याशिवाय हात घातला तर दिवसभर आग होते. तेलाची वाटी दाराशी होती. गुणवंतरावांनी ती उचलली, आत नेली आणि फडताळात ठेवून दिली.

थोड्या वेळाने अंगणातून प्रफुल्लचा आवाज आला. "काकू, हे एवढं खाजते काऊन?"

"खाजते," कमळाबाई म्हणाल्या. "अजून दोन पाट्या आहेत."