कारण निवडा

वसुंधराकाकूंच्या माकडहाडावरची जखम मला सोमवारी सकाळी चादर बदलताना दिसली. रुपयाच्या नाण्याहून मोठी, कडा काळपट, मध्ये ओली. माझ्या तोंडून अशी शिवी गेली की पापडीच्या चर्चमधल्या आमच्या फादरांनी ऐकली असती तर कानांवर हात ठेवले असते. काकूंना अर्धांगवायूचा झटका आलेला, उजवी बाजू गेलेली आणि वाचाही गेलेली. पाठ दुखतेय एवढंसुद्धा त्या बाईला सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांना कळवलं, जखम धुऊन ड्रेसिंग केलं, काकूंना कुशीवर केलं आणि काउंटरवर येऊन कॉम्प्युटर उघडला.

डॉक्टर रोगाचं निदान करतात. त्या रोगापायी माणसाचं काय अडलंय, पुढे काय बिघडू शकतं, याचं निदान आम्ही नर्सेस करतो. ठरावीक यादीतून निदान निवडायचं, त्याखाली अपेक्षित परिणाम, त्याखाली उपाय. काकू दाखल झाल्या त्या दिवशी मीच निवडलं होतं. निदान, त्वचेला इजा होण्याचा धोका. परिणाम, त्वचा शाबूत राहणे, त्या दिवशीचे गुण पाचपैकी पाच. उपाय, दर दोन तासांनी कूस बदलणे. यात एक अक्षर चुकीचं नाही. या पद्धतीला नावं ठेवणाऱ्यांशी मी स्वतः भांडलेय. यादी शहाणीच आहे, पण ती काही पेशंटला उचलून वळवत नाही. त्याला माणसं लागतात, आणि आमच्या वॉर्डात सव्वीस पेशंटना आम्ही दोघी.

तरी कॉम्प्युटरवर कूस बदलल्याच्या खुणा आठही दिवस जागच्या जागी होत्या. आठ वाजता, दहा वाजता, बारा वाजता, दोन वाजता. दिवसाच्या सगळ्या माझ्या नावावर.

मी पाचाचे दोन केले. सेव्ह होईना. लाल चौकट आली. परिणाम साधला नाही, कारण निवडा. दाखल होतानाच जखम होती. आजार बळावला. रुग्णाचं सहकार्य नाही. नातेवाइकांचं सहकार्य नाही. मी यादी दोनदा वरखाली केली. पाचवं कारण नव्हतंच. आमच्याकडून काही राहून जाऊ शकतं, हे ही यादी बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं. की आलं होतं, आणि म्हणूनच ठेवलं नाही?

क्वालिटी बघणाऱ्या हर्षवर्धन सरांना फोन करून वर बोलावलं. तिशीतला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, पेशंटखाली आजवर कधी बेडपॅन सरकवलेलं नाही.

"सर, यात खरं कारण टाकायची सोय करा."

"म्हणजे काय टाकायचंय?"

"कूस बदललीच नाही, असं."

ते हसले. "सेलिन सिस्टर, असा ऑप्शन कोण देतं? गुरुवारी इन्स्पेक्शन आहे, एंट्री पेंडिंग नको." त्यांनी माऊस स्वतःकडे ओढला. "पहिलं कारण नाही घेता येणार, तुम्हीच पाच दिलेत. चौथं टाकू. मुलगी असते ना सोबत? तिला शिकवलं, तिने वळवलं नाही. सिंपल."

"तिला आपणच हात लावू दिला नाही, सर."

"ते कोण वाचतंय?"

क्लिक. हिरवी खूण आली. खाली नाव माझं. सर जिन्याने खालीसुद्धा गेले आणि मी तशीच उभी. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ती मुलगी क्षितिजा. एव्हरशाईन सिटीत राहते, अंधेरीच्या ऑफिसातून सुट्टी काढून आठ दिवस आईच्या उशाशी बसलेली. तिने दर थोड्या वेळाने काउंटरवर येऊन विचारायचं, "सिस्टर, आईला वळवायचं ना?" आणि मी मान वर न करता सांगायचं, "एकटीने हात लावू नका, खांदा निखळेल. आम्ही बघतो." तीच क्षितिजा आता कागदोपत्री आईला सडवणारी ठरली होती.

हर्षवर्धनचा गळा धरावासा वाटत होता. पण त्याने एकच खोटी खूण केली होती. माझ्या किती, ते मोजायची मला हिंमत होईना. चीड अशी होती की कुणावर काढावी कळत नव्हतं, आणि खरं तर चांगलं कळत होतं.

मी फुलस्केप घेतला. बावीस वर्षं ज्या साच्यात लिहिलं त्याच साच्यात लिहिलं. समस्या, माकडहाडावर दाबामुळे झालेली जखम. कशामुळे, दिवसातून बहुतेक वेळा कूस बदलली नाही, सव्वीस पेशंटना दोन नर्स, न बदलता बदलल्याची नोंद केली. पुरावा, जखम, आणि माझ्या नावाच्या नोंदी. नातेवाइकांनी वेळोवेळी विचारलं, त्यांना नर्सनेच थांबवलं.

कागद क्षितिजाच्या हातात दिला. कॉम्प्युटरवर तिच्या नावाने काय टाकलंय तेही सांगितलं. नोकरी जाईल हे कळत होतं.

तिने दोनदा वाचलं. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"शनिवारी मी घरी आंघोळीला गेले होते," ती हळू म्हणाली. "सकाळी गेले ती दुपारी आले. तुम्हीच म्हणालात, बिनधास्त जा."

"हो."

"आल्यावर विचारलं तर म्हणालात, आत्ताच वळवलं."

"नव्हतं वळवलं."

तिने आईकडे पाहिलं. मग कागद परत माझ्यासमोर पलंगाच्या टेबलावर ठेवला.

"सही करा."

केली.

"तारीख."

घातली.

"वेळ पण घाला," ती म्हणाली. "या वेळी घड्याळात बघून."